'कारागीर उपलब्ध नसल्याने' : एका परवानगीपत्राला उत्तर

प्रति,
आमच्या शहराच्या वारसा समितीचे सन्माननीय सदस्य,
तसेच राज्यात नगररचना, जुन्या वास्तूंचं जतन आणि कारागीर प्रशिक्षण ही कामं पाहणारे सर्व अधिकारी यांना

विषय : बिडाचा (ओतीव लोखंडाचा) कठडा काढून एम. एस. (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाचा) कठडा बसवण्याची मिळालेली परवानगी आणि तिच्यातलं एक वाक्य

स.न.वि.वि.

आपलं पत्र मिळालं. त्यातलं एक वाक्य इथे जसंच्या तसं उतरवते : 'सदर कठड्याची मूळ पद्धतीने दुरुस्ती करणारे कारागीर उपलब्ध नसल्याने, बिडाचा कठडा काढून त्या जागी तत्सम नक्षीचा एम. एस. कठडा बसवण्यास हरकत नाही.'

अशी परवानगी मी मागितलीच नव्हती. सोळा महिन्यांपूर्वी दिलेल्या अर्जात माझ्या दोन विनंत्या होत्या. कठडा दुरुस्तीसाठी उतरवून पुन्हा तिथेच चढवू द्यावा ही एक, आणि असं काम करणाऱ्या माणसांची नावं आपल्याकडे असतील तर ती कळवावीत ही दुसरी. नावं आली नाहीत. अर्जाचं काय झालं हे विचारायला मी सहा वेळा कार्यालयात येऊन गेले. तोवर माणसं मी स्वतःच शोधली. एक नव्हे, चार. त्यांतल्या तिघांचे लेखी अंदाज मी मार्चमध्ये आपल्या आवक विभागात दिले, त्याची पोच माझ्याकडे आहे. आणि आता आपण मला लेखी कळवता आहात की अशी माणसं नाहीत.

हे वाक्य एकदा फाइलमध्ये गेलं की दुसऱ्या घराच्या फाइलमध्येही तेच उतरवलं जाईल. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचायला देते आहे.

आधी घराबद्दल. कृष्णाकाठच्या आमच्या पेठेतलं हे घर १९११ सालचं, आता वारसा यादीतलं. माझ्या आजेसासऱ्यांची गुळाची अडत होती. खाली दुकान, वर माडी आणि रस्त्याच्या अंगाला बेचाळीस फूट लांब सज्जा. सज्ज्याला बिडाच्या चौदा जाळ्या. प्रत्येक जाळी तीन फूट रुंद, वजन चौतीस किलो. जाळीभर एक वेल चढत गेलेला आहे, त्याला पानं आणि गोल फळांचे घोस. ती द्राक्षं असावीत, पण माझ्या आजेसासूबाई त्याला तोंडलीचा वेल म्हणत आणि घरात आजही तेच नाव आहे. लग्न होऊन आले त्या वर्षी दिवाळीच्या आधी सासूबाईंनी मला या वेलाचं पान न् पान ओल्या फडक्यानं पुसायला शिकवलं. खाचेत बोट घालून पुसायचं, म्हणजे पाणी साचत नाही आणि गंज धरत नाही. तेहतीस वर्षं ते काम मी केलं आहे.

रंगाचे थर सुटत आले तेव्हा एका जाळीच्या मागच्या बाजूला अक्षरं दिसली : मॅक्फार्लेन, ग्लासगो, आणि खाली नमुन्याचा आकडा. स्कॉटलंडमधल्या वॉल्टर मॅक्फार्लेन यांच्या सॅरासेन फौंड्रीचा हा माल. त्यांची जाडजूड नमुनापुस्तकं जगभर जात. नमुन्याचा आकडा कळवायचा, माल जहाजानं यायचा. ती फौंड्री १९६०च्या दशकात बंद झाली. आकडा अजून शाबूत आहे, तो कळवायचा पत्ता उरलेला नाही.

पण सज्जा ज्या ब्रॅकेटांवर उभा आहे ती ग्लासगोची नाहीत. ती घडीव लोखंडाची आहेत, इथल्याच कुणा लोहाराच्या हातची. घणाचे घाव अजून दिसतात, आणि कुठल्याही दोन ब्रॅकेटांचं वळण तंतोतंत सारखं नाही. पुढच्या दरवाजावरची कमळं पितळेची, ती तांबटानं ठोकलेली. म्हणजे एकाच दर्शनी भागावर तीन धातू आणि तीन वेगवेगळे धंदे आहेत. आपल्या पाहणी अहवालात या सगळ्याची नोंद 'लोखंडी काम' अशी दोन शब्दांत झाली आहे.

कठडा मोडला कसा, हे मी अर्जात लिहिलं नव्हतं. इथे लिहिते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या गल्लीत दहा फूट पाणी होतं. आम्ही आणि शेजारची दोन घरं मिळून अकरा माणसं माडीवर होतो. तिसऱ्या दिवशी नाव आली. सज्ज्याखाली ती ठरेना, म्हणून नावाड्यानं दोर कठड्याला बांधला आणि आम्ही एकेक करून कठडा ओलांडून उतरलो. सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. दोन्ही हातांनी जाळीचा वरचा पट्टा धरून त्या खाली आल्या. शेवटचं माणूस उतरलं आणि प्रवाहानं नाव हिसकली. दोराखालच्या दोन जाळ्या फुटल्या, शेजारच्या तिघींना चिरा गेल्या. अकराही जणांना उतरवून मग तो कठडा तुटला. त्याच्या जागी पोलादी पाइप लावा असं कागदावर वाचताना मला काय वाटलं असेल, ते आपण समजू शकाल.

आता माणसांच्या शोधाबद्दल, जरा सविस्तर. कारण आपल्या वाक्याचं उत्तर तिथेच आहे.

पहिल्यांदा मी गावातल्या ग्रिलवाल्याकडे गेले. त्यानं रोजच्या रॉडनं वेल्डिंग केलं. संध्याकाळी जोड चांगला दिसत होता. रात्री जेवायला बसलो असताना माडीवरून टणकन आवाज आला. जोड शाबूत होता, त्याच्या शेजारून नवीन चीर गेली होती. बिडात दोनपासून चार टक्क्यांपर्यंत कार्बन असतो, म्हणून ते ठिसूळ. एकाच जागी तापवलं आणि झटकन निवू दिलं की जोडालगतची कड काचेसारखी कडक होते आणि आकसताना तडकते. वेल्डिंग करायचंच तर आख्खी जाळी आधी सावकाश तापवावी लागते, निकेलचा रॉड वापरावा लागतो आणि मग ती राखेत पुरून हळूहळू निवू द्यावी लागते. हे त्या मुलाला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याला मी दोष देत नाही.

मग कोल्हापूर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. मोटारींचे, पंपांचे, ट्रॅक्टरचे बिडाचे भाग ओतणाऱ्या फौंड्र्यांचा हा पट्टा. बीड ओतायला माणूस इथे मिळणार नाही तर कुठे मिळणार, अशा भरवशानं मी गेले. नऊ ठिकाणी विचारलं. सगळीकडे पहिला प्रश्न एकच : महिन्याला किती नग? मला दोन हवे होते, एकदाच. एका ठिकाणच्या इंजिनिअरनं बसवून चहा दिला आणि नीट समजावलं. त्यांच्या भट्टीत एका वेळी अर्धा टन रस तयार होतो, माझ्या दोन जाळ्यांना अडुसष्ट किलो लागणार. शिवाय मोटारीच्या भागांसाठी त्यांना फॉस्फरस कमी असलेलं बीड लागतं. जुन्या नक्षीकामात फॉस्फरस मुद्दाम जास्त ठेवत, त्यानं रस पातळ होतो आणि पाकळीच्या टोकापर्यंत पोहोचतो. 'आमचा रस तुमच्या वेलात शिरणार नाही, ताई,' असं ते म्हणाले. पण जाताना त्यांनी एका निवृत्त पॅटर्नमेकरचं नाव कागदावर लिहून दिलं.

हे पॅटर्नमेकर आज पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. जन्मभर त्यांनी लाकडाचे साचे केले. फुटक्या जाळीचे तुकडे त्यांनी अंगणात सतरंजीवर जुळवले आणि पहिलं वाक्य बोलले : 'याच्यावरून सरळ छाप घेतला तर जाळी कमी येणार.' ओतलेलं बीड निवताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं. तीन फुटांच्या जाळीत नऊ मिलिमीटर जातात, दोन जाळ्यांत मिळून पाऊण इंच. शेजारच्या जाळ्यांची बोल्टची भोकं मग जुळत नाहीत. त्यासाठी त्यांच्याकडे आकसणं आधीच धरून आखलेली, जरा मोठ्या इंचांची पट्टी आहे. ती पट्टी लावून त्यांनी सागवानात सगळा वेल नव्यानं कोरला. सात आठवडे लागले. पुरात झिजून गेलेल्या एका घोसातली फळं मोजायला ते एस.टी.नं माझ्या घरी आले आणि शाबूत जाळीवर बोट ठेवून त्यांनी ती मोजली.

ओतायला त्यांनीच एक लहान फौंड्री गाठून दिली. तिथे पिठाच्या गिरणीचे भाग, पुल्या, गटारांची झाकणं असं काम चालतं आणि मोल्डिंग, म्हणजे वाळूचा साचा भरणं, अजून हातानं होतं. पहिली जाळी वाया गेली. वरच्या कोपऱ्यातली तीन पानं अर्धीच भरली होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी रस जास्त तापवला, रसाला आणखी एक वाट काढून दिली, आणि जाळी पूर्ण आली. वाळू झटकून ती बाहेर काढली तेव्हा मी तिथे उभी होते. त्या क्षणी मला सासूबाईंची आठवण झाली. त्या २०२१मध्ये गेल्या.

चिरा गेलेल्या तीन जाळ्यांची गोष्ट वेगळी. त्या नव्यानं ओतायची गरजच नव्हती. बीड न तापवता शिवता येतं. चिरेला आडवी भोकं पाडून त्यांत कुलपासारखे धातूचे तुकडे ठोकून बसवतात आणि चिरेच्या लांबीवर एकाला एक लागून स्क्रू भरतात. इंजिनांचे तडकलेले ब्लॉक असे शिवतात. आमच्या भागात हे काम करणारी माणसं साखर कारखान्यांच्या ओव्हरहॉलिंगला जातात. गाळप थांबलं की त्यांचा हंगाम सुरू होतो. त्यांच्यापैकी एका मिस्त्रींना मी गाळपाच्या दिवसांत गाठलं, तेव्हा त्यांना उसंत होती. जाळी बघून त्यांनी विचारलं, 'हे कसल्या मशीनचं?' घराचा कठडा आहे म्हटल्यावर दोन मिनिटं गप्प राहिले, मग म्हणाले की आजवर असं काम कुणी आणलंच नव्हतं, नाहीतर केलं असतं. तीन जाळ्या नऊ दिवसांत झाल्या. बोट फिरवलं तरी जोड लागत नाही.

ब्रॅकेटांसाठी लोहार मिळाला तो गावाबाहेर, बाजाराच्या मैदानाच्या कडेला. घिसाडी, म्हणजे भटक्या लोहारांचं कुटुंब आहे. नवरा भट्टी सांभाळतो, बायको घण मारते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी ही त्यांची रोजची कामं. घडीव लोखंड आता बाजारात मिळत नाही. ते बनवणारे कारखानेच जगभरातून गेले, इंग्लंडातला शेवटचा मोठा कारखाना १९७०च्या दशकात बंद पडला. पण या लोहारानं जुन्या बैलगाडीच्या चाकाची धाव आणली, ठिणगी बघून लोखंड ओळखलं आणि तिच्यातून तुटलेल्या दोन ब्रॅकेटांची वेटोळी वळवली. जोड वेल्डिंगचे नाहीत. जुन्यासारखेच लालभडक तापवून ठोकलेले रिबीट आणि तापवून आवळलेल्या पट्ट्या. मी न सांगता त्यानं शेजारच्या जुन्या ब्रॅकेटाकडे बघून तसं केलं. दारावरच्या कमळांपैकी दोन निखळली होती, ती पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून करून आणली. ते काम सोपं गेलं, कारण तिथे निदान कुठल्या गल्लीत विचारायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सगळं मी एका निवृत्त शिक्षिकेच्या वेळेवर आणि पेन्शनवर केलं. चौदा महिने लागले. म्हणून ठामपणे सांगते : कारागीर उपलब्ध आहेत. ते 'वारसा' या शब्दाखाली सापडत नाहीत, एवढंच. ते साखर कारखान्यात आहेत, गिरणीचे भाग ओतणाऱ्या फौंड्रीत आहेत, पालात आहेत, निवृत्त होऊन घरी बसलेले आहेत. त्यांना विचारायला आपल्याकडून कुणी गेलेलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या वाक्याबद्दलच. 'उपलब्ध नाहीत' हा निष्कर्ष कुठल्या चौकशीवरून काढला? मी माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा फाइलमध्ये एकही पत्र, एकही फोनची नोंद, कुणालाही केलेली एकही विचारणा नव्हती. माझे तिघांचे अंदाज मात्र त्याच फाइलमध्ये लावलेले होते.

दुसरी. नियम वस्तूचे आहेत, हातांचे नाहीत. मुंबईसाठी १९९५मध्ये वारसा नियमावली आली. पुढे इतर शहरांत याद्या झाल्या, श्रेणी ठरल्या, डिसेंबर २०२०च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीतही वारसा वास्तूंसाठी तरतुदी आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. उलट घर यादीत आलं तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले होते. पण मालकाला 'बदल करू नका' म्हणायचं आणि मूळ तसं राखायला लागणारा माणूस कुठे आहे हे मात्र त्यानंच शोधायचं, ही वाटणी न्यायाची नाही. पंचवीस-तीस वर्षं याद्या होत आहेत. त्या यादीच्या शेवटी कारागिरांचं एक पान आतापर्यंत जोडता आलं असतं.

तिसरी तक्रार अंदाजपत्रकाची. आपल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांनी केलेल्या अंदाजात नव्या एम. एस. कठड्याचा दर किलोवर लावला आहे आणि त्याच हिशेबात बिडाच्या दुरुस्तीला 'परवडणारी नाही' म्हटलं आहे. ठोकलेलं, कोरलेलं, शिवलेलं काम किलोवर कसं मोजणार? पॅटर्नमेकरांचे सात आठवडे त्या तराजूत कुठे बसतात? शिवाय एकदा साचा तयार झाला की त्याच्यावरून पुढच्या कितीतरी जाळ्या निघतात. आमच्या पेठेतच आणखी दोन घरांना हाच वेल आहे. माझा साचा मी त्यांना विनामोबदला वापरायला देणार आहे.

चौथी, आणि ही प्रकृतीची आहे. पत्रात सूचना आहे की 'जुना रंग ग्राइंडरने पूर्ण घासून काढावा'. शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडकामाला खालचा हात शेंदराचा असे. शेंदूर म्हणजे शिसं. आमच्या जाळ्यांवर सगळ्यांत खालचा थर शेंदरीच आहे. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत नव्वदपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याच देशानं २०१६मध्ये केला आणि पुढच्या वर्षापासून लागू केला. मग त्याच शिशाची पूड भर पेठेत ग्राइंडरनं उडवायची सूचना सरकारी कागदावर कशी येते? समोर अंगणवाडी आहे. आम्ही तो रंग ओला ठेवून, लेपानं सैल करून, हातानं काढला आणि चोथा पिंपात बंद करून ठेवला आहे. त्याची विल्हेवाट कुठे लावायची हेही मी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पाचवी तक्रार शिक्षणाची, आणि ती एका कार्यालयाची नाही. १८५७मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेत १८६०च्या दशकात तीन कार्यशाळा निघाल्या. त्यांतली एक खास नक्षीदार घडीव लोखंडकामाची होती. आज जागतिक वारसा असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधले मोठ्या जिन्याचे कठडे आणि तिकिटखिडक्यांच्या जाळ्या त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी केल्या. आमच्याच खोऱ्यात १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, लोखंडी नांगर तिथून गावोगाव गेले. म्हणजे हे ज्ञान बाहेरून मागवायची गरज या राज्याला शंभर वर्षांपूर्वीही नव्हती. आज आयटीआयमध्ये वेल्डर आहे, फिटर आहे, फाउंड्रीमन आहे. पण वेल्डर होऊन बाहेर पडलेल्या मुलाला जुनं बीड ओळखता येत नाही, आणि हे मी माझ्या कठड्यावर पाहिलं आहे.

केंद्राची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३मध्ये आली. अठरा पारंपरिक व्यवसाय, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, कमी व्याजाचं कर्ज. चांगली योजना आहे. तिच्यात लोहार आहे. तांबट नाही, ओतारी (धातू ओतणारा) नाही. आणि जो लोहार यादीत आहे, त्यानं म्हणजे माझ्या घिसाडी लोहारानं, अर्ज भरला तर तो पहिल्याच पडताळणीत अडकला, कारण कुठल्या वॉर्डानं त्याला आपलं म्हणायचं हेच ठरेना. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या ऐरण आहे त्याला तो लोहार असल्याचं सही-शिक्क्यानं सिद्ध करता येत नाही.

मोठ्या इमारतींना माणसं मिळतात, हे मला माहीत आहे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराला २००५मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तिथले बिडाचे खांब आणि कठडे बघायला मी मुद्दाम गेले होते, आणि परत येताना मनात आशा घेऊन आले. तिथे जे झालं ते बेचाळीस फुटांच्या सज्ज्यालाही व्हावं, एवढंच मागणं आहे.

माझ्या मागण्या अशा :

१. 'कारागीर उपलब्ध नसल्याने' हे वाक्य असलेलं परवानगीपत्र मागे घ्यावं आणि मूळ जाळ्या दुरुस्त करून चढवण्याची परवानगी द्यावी. मला पाइपचा कठडा नको आहे, आणि तो बसवणार नाही.

२. धातुकाम करणाऱ्या कारागिरांची नोंदवही करावी, जिल्हावार. बीड ओतणारे, पॅटर्नमेकर, बीड शिवणारे, लोहार, तांबट असे वेगवेगळे रकाने ठेवावेत. साखर कारखान्यांना, फौंड्री चालकांच्या संघटनांना आणि भटक्या लोहारांच्या वस्त्यांना प्रत्यक्ष जाऊन विचारावं. माझ्याकडच्या चौघांची नावं, त्यांची संमती घेऊन, मी पहिल्या पानासाठी देते.

३. या पुढे कुठल्याही फाइलमध्ये कारागीर नाहीत असं लिहायचं असेल तर कुणाकुणाला विचारलं, कोणत्या तारखेला, हे सोबत लिहिणं सक्तीचं करावं.

४. जशाच्या तशा दुरुस्तीला आणि रूप बदलणाऱ्या कामाला एकच लांब रांग नको. उतरवणं, दुरुस्त करणं, पुन्हा चढवणं या अर्जाला तीस दिवसांत उत्तर मिळावं. सोळा महिने उघड्या बोल्टांत पाणी शिरत राहिलं. दगडात शिसं ओतून पक्के केलेले दोन खांब गंजून फुगले आणि त्यांनी पायाचा दगड फोडला. हे नुकसान पुरानं केलेलं नाही.

५. जुनं घर पाडायची परवानगी देताना त्याचे कठडे, ब्रॅकेट, जिन्याच्या जाळ्या, कड्या-कोयंडे यांची छायाचित्रं आणि मापं घेणं बंधनकारक करावं, आणि ते सामान ठेवायला प्रत्येक शहरात एक कोठी असावी. गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतलं घर पडलं तेव्हा बिडाचा आख्खा गोल जिना भंगारवाल्यानं घण घालून फोडला, कारण तुकडे केले की टेंपोत भरायला सोपं जातं. त्यातल्या पायऱ्या चार घरांना पुरल्या असत्या.

६. आयटीआयमध्ये जुन्या धातुकामाच्या दुरुस्तीचा छोटा, पण हातानं शिकवलेला अभ्यासक्रम सुरू करावा, आणि तो शिकवायला पदवीची अट न घालता अशाच निवृत्त मिस्त्रींना मानधनावर बोलवावं. पॅटर्नमेकरांना मी विचारलं आहे. त्यांचा हात अजून स्थिर आहे आणि ते यायला तयार आहेत. त्यांची पट्टी घ्यायला मात्र घरात कुणी नाही. मुलगा दुकान चालवतो.

७. तांबट आणि ओतारी यांचा समावेश विश्वकर्मा योजनेत व्हावा, अशी शिफारस राज्यानं केंद्राकडे करावी. भटक्या लोहारांची पडताळणी ते जिथे काम करतात तिथेच, त्यांच्या भट्टीवर जाऊन व्हावी.

यांपैकी पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला एक रुपयाही लागत नाही. बाकीच्यांना लागेल तो पैसा किती, हे आपण मांडावं. आम्ही पेठेतले लोक बसून बोलायला तयार आहोत.

दोन नव्या जाळ्या आणि शिवलेल्या तीन, अशा पाच जाळ्या आज माझ्या माडीवर गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. सज्ज्यावर त्यांच्या जागी सध्या बांबू बांधला आहे. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्याच्या आधी आपल्यापैकी ज्यांनी त्या पत्रावर सही केली त्यांनी एकदा घरी यावं. मी गोणपाट सोडून दाखवीन, आणि मिस्त्रींना व लोहाराला त्या दिवशी बोलावून घेईन. त्यांना आपण स्वतः विचारा. रविवारी मी दिवसभर घरीच असते, इतर दिवशी आदल्या दिवशी निरोप दिला तरी पुरेल.

आपली,
तोंडलीच्या वेलाच्या घरातली एक रहिवासी,
कृष्णाकाठ